तांबं कळकायलाच हवं होतं : हम्फ्री डेव्ही आणि जहाजांच्या तळाचं प्रकरण, १८२४-२५

अकरावीच्या मुलांना ऑक्सिडीकरण-क्षपण शिकवायला घेतलं, की मी पहिले दोन तास एका जहाजाच्या तळाशी घालवतो. जहाजाचं नाव एचएमएस समारंग. ब्रिटिश नौदलाचं २८ तोफांचं हे जहाज १८२२ साली आपल्याकडे कोचीनला, सागवानात बांधलं गेलं. १८२४च्या वसंतात इंग्लंडमधल्या गोदीत त्याच्या तळाचं तांबं झिजू नये म्हणून तिथे बिडाचे चार ठोकळे बसवले, दोन नाळेकडे आणि दोन मागच्या अंगाला. तळाला जितका तांब्याचा पत्रा होता, त्याच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एक ऐंशीअंश भरेल एवढंच हे बीड. मग जहाज अटलांटिक ओलांडून नोव्हा स्कोशियाला गेलं आणि जानेवारी १८२५ मध्ये परत आलं.

ठोकळे बसवायला सांगणारा माणूस साधासुधा नव्हता. सर हम्फ्री डेव्ही तेव्हा रॉयल सोसायटी या ब्रिटिश विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष होते. त्यांचं रसायनशास्त्र बरोबर होतं, त्यात आजही एक अक्षर बदलावं लागत नाही. तरीही १८२५च्या जुलैमध्ये नौदलाने समुद्रावर जाणाऱ्या जहाजांचे असे ठोकळे काढून टाकायचा हुकूम दिला. हा हुकूमही बरोबर होता. दोन्ही बाजू बरोबर असताना योजना कशी बुडाली, हे समजून घेता घेता विद्युत रसायनशास्त्राचा निम्मा धडा होऊन जातो. म्हणून हे प्रकरण मला फार जवळचं वाटतं.

तांबं तळाला आलं कसं

लाकडी जहाजाला समुद्रात दोन शत्रू. पहिला टेरेडो. दिसायला अळीसारखा, पण खरा शिंपल्यांच्या कुळातला प्राणी. तो लाकडात शिरून आतल्या आत बोगदे पोखरतो. बाहेरून फळी धड दिसते आणि आत चाळण झालेली असते. दुसरा शत्रू म्हणजे तळाला चिकटणारं सगळं गणगोत, म्हणजे शेवाळ, समुद्री गवत आणि बार्नेकल. कोकणात खडकांवरून अनवाणी चालताना ज्या पांढऱ्या धारदार कवचांनी तळपाय फाटतो, तेच हे बार्नेकल. तळाला त्यांचा थर बसला की जहाज जड होतं, वेग पडतो, वळायला वेळ लागतो. लढाऊ जहाजाच्या बाबतीत हा जिवावरचा प्रश्न होता.

तांब्याचा पातळ पत्रा तळाला ठोकला की दोन्ही शत्रू थांबतात, हे ब्रिटिश नौदलाने एचएमएस अलार्म या जहाजावर १७६१च्या सुमारास करून पाहिलं. जहाज वेस्ट इंडीजच्या उबदार पाण्यात जाऊन आलं आणि १७६३ साली त्याची तपासणी झाली. पत्र्याखालचं लाकूड सुरेख राहिलं होतं. पण जिथे जिथे लोखंडी खिळे तांब्याला टेकले होते, तिथे खिळ्यांचा गंजून लगदा झाला होता. गंमत म्हणजे काही खिळे अगदी धड होते. बारकाईने पाहिल्यावर कारण सापडलं. तांब्याचे पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते आणि काही ठिकाणी तो कागद पुरता निघालाच नव्हता. खिळा आणि तांबं यांच्यामध्ये कागद राहिला तिथे खिळा वाचला. तपासणाऱ्यांनी लिहून ठेवलं, की समुद्राच्या पाण्यात लोखंड आणि तांबं एकमेकांना टेकू देऊ नका.

हे लिहिणाऱ्यांना विद्युतधारा माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. बेडकाच्या पायांवरचे गॅल्व्हानीचे प्रयोग अजून व्हायचे होते, व्होल्टाचा घट तर १८०० सालचा. तरी निरीक्षण इतकं चोख आहे, की तो कागद मी वर्गात हमखास सांगतो. कागदाचं काय, ते शेवटी पुन्हा येईल.

खिळ्याचं काय झालं

इथे थांबून रसायन पाहू. दहावीत आपण ऑक्सिडीकरण म्हणजे ऑक्सिजन मिळणं आणि क्षपण म्हणजे ऑक्सिजन जाणं असं शिकतो. ते चूक नाही, पण तोकडं आहे. इलेक्ट्रॉनच्या भाषेत बोललं की सगळं एका सूत्रात येतं. ज्याचे इलेक्ट्रॉन गेले त्याचं ऑक्सिडीकरण झालं, ज्याला मिळाले त्याचं क्षपण झालं. आणि इलेक्ट्रॉन पाण्यात मोकळे हिंडत नसल्यामुळे एकाचं ऑक्सिडीकरण व्हायचं तर त्याच वेळी दुसऱ्या कशाचं तरी क्षपण झालंच पाहिजे. देणारा आहे आणि घेणारा नाही, असं इथे चालत नाही.

अलार्मच्या खिळ्यात देणारं लोखंड:

लोखंड → लोह आयन (२+) + २ इलेक्ट्रॉन

आणि घेणारा कोण? तांबं, असं बहुतेक मुलं सांगतात. इथेच पाय घसरतो. तांबं धातूच्या रूपात आहे, त्याला आणखी इलेक्ट्रॉन नको आहेत. घेणारा आहे समुद्राच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन:

ऑक्सिजन + २ पाणी + ४ इलेक्ट्रॉन → ४ हायड्रॉक्साइड आयन

तांब्याचं काम फक्त जागा पुरवण्याचं. लोखंडाने सोडलेले इलेक्ट्रॉन खिळ्यातून तांब्याच्या पत्र्यात जातात, पत्रा मोठा असल्यामुळे दूरवर पसरतात आणि पत्र्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन त्यांना उचलून घेतो. पाण्यातून आयनांची ये-जा होते आणि मंडल पूर्ण होतं. म्हणजे प्रत्येक खिळ्याभोवती एक विद्युतघट तयार झालेला, फक्त त्याला दिवा जोडलेला नव्हता. एकटा खिळा पाण्यात टाकला असता तर त्याच्या इवल्याशा पृष्ठभागावर जितका ऑक्सिजन पोचेल तितक्याच वेगाने तो गंजला असता. पण आता हजारो पट मोठा पत्रा त्याच्या वतीने ऑक्सिजन गोळा करत होता. लहान ॲनोड (इलेक्ट्रॉन सुटतात ती बाजू) आणि अवाढव्य कॅथोड (इलेक्ट्रॉन घेतले जातात ती बाजू) ही क्षरणातली सगळ्यात वाईट जोडी. मधला कागद एवढंच करत होता, की इलेक्ट्रॉनची वाट अडवत होता.

वर्गात हे डोळ्यांनी दाखवता येतं. चायना ग्रास (अगर-अगर) पाण्यात उकळून त्यात थोडं मीठ, फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड घालायचं आणि ताटलीत ओतायचं. त्यात एक खिळा तांब्याची तार गुंडाळून ठेवायचा, दुसरा जस्ताची पट्टी गुंडाळून. काही तासांनी पहिल्या खिळ्याच्या डोक्याशी आणि टोकाशी गडद निळा रंग उमटतो. लोह आयन बाहेर पडल्याची ती खूण. तारेभोवती गुलाबी रंग येतो, कारण तिथे हायड्रॉक्साइड तयार होतंय. दुसऱ्या खिळ्याला निळ्याचा ठिपकाही नसतो. खिळा सगळा गुलाबी आणि झिजतंय ते जस्त. हा निळा-गुलाबी नकाशा एकदा पाहिला, की ऑक्सिडीकरण एका जागी आणि क्षपण दुसऱ्या जागी होऊ शकतं, ही गोष्ट मुलं विसरत नाहीत. विद्युत रसायनशास्त्राचं मर्म तेच आहे. एका अभिक्रियेचे दोन अर्धे वेगवेगळ्या जागी घडवले की मधून वीज वाहते.

शब्दांबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. पाठ्यपुस्तकात ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतात. बाहेरून वीज देऊन विद्युत अपघटन करतो तेव्हा ते ठीक आहे. पण घट स्वतःच वीज तयार करतो तेव्हा ऑक्सिडीकरणाची बाजू, म्हणजे ॲनोड, ऋण असते. मग मुलं धनाग्र ऋण कसं म्हणून गोंधळतात आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. म्हणून मी ॲनोड-कॅथोड हेच शब्द ठेवतो. १८३४ साली मायकेल फॅरडेने विल्यम ह्यूएलच्या मदतीने ग्रीकवरून ते घडवले, तेच मुळी धन-ऋणाच्या भानगडीत न पडता. ॲनोड म्हणजे वर जायची वाट, सूर्य उगवतो ती बाजू. कॅथोड म्हणजे खाली जायची, मावळतीची. ॲनोडवर नेहमी ऑक्सिडीकरण आणि कॅथोडवर नेहमी क्षपण, एवढं धरून ठेवलं की चिन्हांची भीती उरत नाही.

डेव्हीपुढचा प्रश्न उलटा होता

अलार्मचा धडा नौदलाने घेतला. तळाचे लोखंडी खिळे-बोल्ट जाऊन तांब्याच्या मिश्रधातूंचे आले आणि तांब्याचा पत्रा सगळ्या आरमाराला चढला. आता लाकूड वाचत होतं, खिळे वाचत होते, पण तांबं झिजत होतं. पत्रे काही वर्षांत पातळ होऊन भोकं पडायची आणि तांबं महाग. नौदलाने १८२३ साली रॉयल सोसायटीकडे विचारणा केली आणि डेव्हींनी ते काम स्वतःकडे घेतलं.

ते या कामासाठी अगदी योग्य होते. वितळलेल्या अल्कांतून वीज सोडून १८०७ साली पोटॅशियम आणि सोडियम पहिल्यांदा वेगळं करणारे तेच. त्याही आधी, १८०६च्या व्याख्यानात त्यांनी मांडलं होतं, की रासायनिक ओढ आणि विजेची ओढ यांचं मूळ एकच असावं. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७चा, म्हणजे त्यांच्या हाती कण नव्हता, फक्त धन आणि ऋण अवस्थेची कल्पना होती. त्या तुटपुंज्या शिदोरीवर त्यांनी जे केलं ते आजही थक्क करतं.

सर्वांना वाटत होतं की तांब्यात भेसळ असावी. डेव्हींनी शुद्ध तांबंही झिजताना पाहिलं आणि तो संशय बाजूला ठेवला. मग पाहिलं की हवा काढून टाकलेल्या खाऱ्या पाण्यात तांबं जसंच्या तसं राहतं. म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा लागते. त्यांचा पुढचा तर्क असा: तांबं समुद्राच्या पाण्याशी अभिक्रिया करतं ते किंचित धन अवस्थेत असल्यामुळे. त्याला कसंही करून किंचित ऋण केलं तर अभिक्रिया थांबायला हवी. आणि ऋण करायचं तर त्याला अधिक क्रियाशील धातू टेकवायचा. २२ जानेवारी १८२४ रोजी त्यांनी रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. त्यातली एक ओळ मला पाठ आहे. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा किंवा लहान लोखंडी खिळ्याचं टोक ४० ते ५० चौरस इंच तांबं राखायला पुरतं, आणि तो तुकडा वर, खाली, मध्ये कुठेही लावा, पत्रा सरळ असो की वाकवलेला, फरक पडत नाही.

वाटाण्याएवढा तुकडा! आपण कपाटाला रंग लावतो तेव्हा जिथे रंग तिथेच बचाव. इथे एका कोपऱ्यातला तुकडा सगळ्या पत्र्याला राखतो, कारण राखण करणारी वस्तू इलेक्ट्रॉन आहे आणि धातूभर त्यांना कुठेही मज्जाव नाही.

अलार्मच्या खिळ्यांमध्ये आणि यात घट तोच आहे. लोखंड देतंय, तांब्यावर ऑक्सिजन घेतोय. १७६३ साली खिळा झिजला म्हणून सगळे हळहळले. १८२४ साली डेव्हींना नेमका तोच झिजायला हवा होता, फक्त खिळ्याऐवजी मुद्दाम लावलेला, काढून बदलता येणारा ठोकळा.

आजच्या तक्त्यांत हा क्रम आकड्यांनी दिसतो. प्रमाण क्षपण विभव तांब्याचं +०.३४ व्होल्ट, लोखंडाचं −०.४४ आणि जस्ताचं −०.७६. अंक जितका ऋण, तितका तो धातू इलेक्ट्रॉन सोडायला उतावीळ. या तक्त्यावरून तांबं-जस्त घटाला १.१० व्होल्ट यायला हवेत. मुलं मिठाच्या पाण्यात दोन पट्ट्या बुडवून मल्टिमीटर लावतात आणि पाऊण व्होल्टच्या आसपासच आकडा येतो. मग कुणीतरी म्हणतं, सर, मीटर बिघडलाय. मीटर ठीक असतो. तक्त्यातले आकडे प्रत्येक धातूच्या आयनांचं ठरावीक प्रमाण असलेल्या द्रावणातले आहेत. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड भरपूर आणि ते तांब्याच्या आयनांना बांधून ठेवतं, त्यामुळे तांबं तिथे तक्त्यात वाटतं त्याहून अधिक सहज विरघळतं. खऱ्या पाण्यातला क्रम खऱ्या पाण्यातच मोजावा लागतो. डेव्हींनी तेच केलं.

पोर्ट्समथच्या बंदरात भरती-ओहोटीच्या पाण्यात त्यांनी तांब्याचे पत्रे कित्येक आठवडे ठेवले, आधी आणि नंतर वजन करून. राखणदार धातूचं क्षेत्रफळ तांब्याच्या चाळीसाव्या भागापासून हजाराव्या भागापर्यंत बदलत नेलं. चाळीसावा ते दीडशेवा भाग असेपर्यंत तांब्याचं वजन अजिबात घटलं नाही. दोनशेव्या भागाच्या पुढे थोडं घटायला लागलं, राखणदार जितका लहान तितकं जास्त. हजारावा भाग बीड असतानाही थोडीफार बचत होतीच. जस्तापेक्षा बीड त्यांना पसंत पडलं, कारण स्वस्त आणि टिकाऊ. बीड झिजतं तेव्हा त्यातलं लोखंड निघून जातं आणि मागे पेन्सिलीच्या शिशासारखा मऊ, काळा सांगाडा उरतो. तेही त्यांनी नोंदवलं.

या सगळ्या प्रयोगांत मायकेल फॅरडे त्यांच्या मदतीला होता. डेव्हींनी पेटंट घेतलं नाही, शोध देशाला देऊन टाकला. निबंधानंतर काही महिन्यांतच खऱ्या जहाजांना ठोकळे बसू लागले, त्यात समारंग आलं.

जहाजं परत आली

तांबं वाचलं होतं. त्याबद्दल वाद नव्हता. वाद झाला तो तळाला चिकटलेल्या गोष्टींवरून. ठोकळे लावलेल्या जहाजांच्या तळाला शेवाळ आणि बार्नेकल बसतात अशा तक्रारी एकामागून एक येऊ लागल्या. समारंगबद्दल वर्तमानपत्रांत आलेलं चित्र अतिरंजित आहे, असं डेव्हींचं म्हणणं होतं. जहाज एकंदरीत स्वच्छ आलं, असं ते सांगत. पण ठोकळ्यांच्या आसपास शेवाळ आणि चिकटलेले जीव होते, हे त्यांनीही नाकारलं नाही. कलकत्त्याला जाऊन आलेल्या एका व्यापारी जहाजाचा तळ चकचकीत राहिल्याचं उदाहरणही त्यांनी पुढे केलं. तरी तक्रारी थांबल्या नाहीत आणि जुलैमध्ये हुकूम निघाला. वर्षभरापूर्वी ज्या माणसाची वाहवा झाली, त्याची वर्तमानपत्रांनी थट्टा केली. ते वाचताना मला नेहमी वाईट वाटतं. पुढच्या चारच वर्षांत, १८२९च्या मे महिन्यात, जिनिव्हात डेव्ही गेले.

घडलं काय, हे समजायला मला आजीच्या स्वयंपाकघरात जावं लागतं. आमच्याकडे पितळेची आणि तांब्याची भांडी होती आणि वर्षातून एकदा कल्हईवाला दारात भट्टी लावायचा. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठायचा, मग कथिलाची कांडी फिरवून कापसाने ते आतून पसरायचं. कल्हई उडालेल्या भांड्यात आजी ताक किंवा आमटी ठेवू देत नसे. कुणी चुकून ठेवलंच, तर वास घेऊन ती म्हणायची, कळकलं, ओतून टाक. ताकाला हिरवट झाक आलेली असायची. हे कळकणं म्हणजे तांब्याचं ऑक्सिडीकरण. आम्लात आणि हवेत तांबं इलेक्ट्रॉन गमावतं, त्याचे आयन ताकात उतरतात आणि ते आयन विषारी असतात. नुसत्या धातूच्या तांब्याने काही होत नाही, बाधतं ते विरघळलेलं तांबं. मराठीत या एका अभिक्रियेला स्वतंत्र क्रियापद आहे याचा मला रसायनाचा शिक्षक म्हणून फार आनंद वाटतो.

आता जहाजाचा तळ पाहा. बार्नेकलचं इवलंसं पिल्लू पाण्यातून येतं, जागा पाहतं, चिकटायचं ठरवतं. उघड्या तांब्यावर त्याला ते जमत नाही, कारण पत्र्याला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात तांब्याचे आयन सतत सुटत असतात. तांबं कळकत असतं, म्हणून पिल्लू बसत नाही. डेव्हींनी ते कळकणंच बंद केलं. पत्रा शाबूत राहिला आणि त्याच क्षणी तो बार्नेकलच्या दृष्टीने साधा खडक झाला. ज्याला सगळे नासाडी म्हणत होते, तेच तांब्याचं काम होतं.

याला आणखी एक गोष्ट जोडली गेली. तांब्यावर ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो तेव्हा हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे पत्र्यालगतचं पाणी अल्कधर्मी होतं, गुलाबी तारेसारखं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. अल्कधर्मी पाण्यात ते कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन पत्र्यावर पांढरट साका धरतात. डेव्हींना हा साका दिसला होता. क्षरणाच्या दृष्टीने तो चांगला, कारण ऑक्सिजन पोचायला अडथळा होतो आणि ठोकळा सावकाश झिजतो. पण पिल्लांना बसायला खरखरीत चुनखडीची बैठक आयती मिळते.

मग मधला मार्ग नव्हता का? तांबं थोडं कळकू द्यायचं, पण फार नाही. डेव्हींनी तेच करायचा प्रयत्न केला, ठोकळे लहान करत नेले. आज ठोकळ मानानं धरतात, की चौरस सेंटिमीटरमागे रोज १० मायक्रोग्रॅमच्या आसपास तांबं सुटत असेल तर बार्नेकल बसत नाही. चौरस मीटरला रोज ०.१ ग्रॅम, वर्षाला सुमारे ३६ ग्रॅम. एक मिलिमीटर जाडीचा तेवढाच पत्रा सुमारे ९ किलोचा असतो. कागदावर हे छान दिसतं: इतकंच झिजू दे, पत्रा पिढ्यान् पिढ्या टिकेल. पण तळाचं क्षरण सगळीकडे सारखं नसतं. नाळेवर पाणी आपटतं, तिथे ऑक्सिजन जास्त पोचतो. मागच्या बाजूला भोवरे. उष्ण पाण्यात वेग वेगळा, नदीच्या मुखाशी खारटपणा वेगळा. ठोकळ्याजवळच्या तांब्याला राखण जास्त, लांबच्याला कमी. शिवाय नांगर टाकून उभं असलेलं जहाज आणि शीड फुगवून धावणारं जहाज यांची गरजच निरनिराळी. एकच ठोकळा या सगळ्याला एकाच वेळी नेमकं पुरेल, हे होणं नाही. पोर्ट्समथच्या बंदरात काही आठवडे बांधलेल्या पत्र्यांनी वजनाचा प्रश्न सोडवला. तळाला काय चिकटतं, हा प्रश्न त्या प्रयोगात मोजायचा प्रश्न म्हणून नव्हताच. डेव्हींची खरी चूक दाखवायची झाली, तर मी इथे बोट ठेवीन. रसायन अचूक होतं. काय मोजायचं ते अपुरं ठरलं होतं.

मधला मार्ग पुढे भलत्याच बाजूने आला. १८३२ साली बर्मिंगहॅमच्या जॉर्ज मंट्झने साठ भाग तांबं आणि चाळीस भाग जस्त यांच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं आणि जहाजांच्या तळाला तो पत्रा सर्रास वापरला जाऊ लागला. म्हणजे चक्क पितळ. तांब्याहून स्वस्त आणि तरीही तळ स्वच्छ ठेवण्यापुरतं तांबं त्यातून सुटत राहायचं. पितळेत ताक कळकतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही.

तोच घट, लोखंडी जहाजांवर

लाकडी जहाजं गेली, लोखंडाची आणि पोलादाची आली. आता वाचवायचा होता तो पत्रा स्वतःच, आणि पोलादाच्या झिजण्याने बार्नेकलला काही बाधा होत नाही. म्हणजे डेव्हींच्या ठोकळ्यांविरुद्ध असलेली एकमेव तक्रार गळून पडली. आज पोलादी जहाज गोदीत चढवलं की सुकाणू आणि पंख्याच्या आसपास, तळाच्या बाजूंना जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे विटेसारखे ठोकळे दिसतात. अर्धे खाल्लेले, खडबडीत. खाल्लेले दिसले की समजायचं काम चोख चाललंय. नव्यासारखे कोरे दिसले तर काळजी करायची, कारण कुठेतरी जोड सुटलाय आणि इलेक्ट्रॉन पोचत नाहीयेत.

किती जस्त लागेल, याचा हिशोब फॅरडेच्या १८३३-३४च्या नियमांनी येतो. जस्ताचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो. ६५.४ ग्रॅम जस्त म्हणजे २ गुणिले ९६,४८५ कूलोम प्रभार. त्यावरून एक किलो जस्तातून सुमारे ८२० अँपिअर-तास मिळतात. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे अखंड एक अँपिअर पुरवायला वर्षाला साधारण पावणेअकरा किलो जस्त. प्रत्यक्षात थोडं जास्त धरावं लागतं, कारण काही जस्त स्वतःपुरतंच झिजून जातं. परीक्षेतलं विद्युत अपघटनाचं गणित आणि जहाजाच्या तळाचं गणित एकच आहे, हे लक्षात आल्यावर मुलं ते सोडवताना कंटाळत नाहीत, असा माझा अनुभव आहे. जमिनीत पुरलेल्या वायू आणि तेलाच्या नळांनाही हीच राखण असते. तिथे बऱ्याचदा ठोकळ्याऐवजी बाहेरून वीज देऊन नळाला ऋण ठेवतात. घरातल्या गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते तीही याच कुळातली. दोन-चार वर्षांनी ती काढून पाहिली तर मधली तारच उरलेली असते. खाऱ्या पाण्याच्या गावात त्याहून लवकर.

बार्नेकलचा प्रश्न मात्र गेला नाही. पोलादी तळाला ते आनंदाने बसतात. म्हणून तांबं परत आलं, या वेळी रंगाच्या रूपात. तळाला जो लालसर रंग देतात, त्यात बऱ्याचदा क्युप्रस ऑक्साइड असतं. ते हळूहळू विरघळतं, तांब्याचे आयन सोडतं आणि रंगाच्या कातडीवर काही बसू देत नाही. डेव्हींना एकाच पत्र्याकडून दोन कामं हवी होती, टिकणं आणि कळकणं. ती आता वाटून दिली आहेत. टिकण्याची राखण जस्ताकडे, कळकण्याचं काम रंगाकडे.

पण तांबं आणि पोलाद एकाच खाऱ्या पाण्यात शेजारी आले म्हणजे अलार्मचा घट पुन्हा जुळायला वेळ लागत नाही. म्हणून गोदीतले रंगारी तांब्याचा रंग कधी थेट पोलादावर चढवत नाहीत. आधी पत्रा घासून कोरा करतात, मग त्यावर क्षरणरोधक रंगाचे थर देतात. ते थर पाणी अडवतात आणि वीजही अडवतात. ते वाळल्यावरच तांब्याचा हात फिरतो. मधल्या त्या थराचं काम १७६३ साली तपकिरी कागदाने केलं होतं.